एकदा कापला काय कापला: एका सुताराचं कॅड शिकणं

2025 साली पाऊस मे महिन्यातच कोकणात उतरला. 1 जूनपासून मासेमारीबंदी लागली, होड्या किनाऱ्यावर ओढून झाकून ठेवल्या गेल्या आणि मालवणजवळ कोळंबच्या खाडीपलीकडच्या एका वाडीतले सुतारकाका रिकामे झाले. दरवर्षीच होतात. पावसाळ्यात लाकूड ओलं असतं, लग्नसराई संपलेली असते, होड्यांची डागडुजी उरकलेली असते. पण या वर्षी त्यांच्याकडे एक काम होतं आणि ते त्यांच्या पद्धतीने होणार नव्हतं.

मुंबईतल्या एका चाकरमानी कुटुंबाने सहा मखरं सांगितली होती. भावकीतली सहा घरं, सहा गणपती. 2018 मध्ये राज्यात थर्माकोलच्या वस्तूंवर बंदी आल्यापासून प्लायच्या मखरांना मागणी आहेच. अटी दोन होत्या. सहाही मखरं अगदी एकसारखी हवीत, म्हणजे एका घरचा भाग दुसऱ्या घरी बसला पाहिजे. आणि गणपती गेले की ती खिळा न काढता सुटी होऊन माळ्यावर सपाट ठेवता आली पाहिजेत. चतुर्थी 27 ऑगस्टला. हाताने एक मखर करायला काकांना आठ दिवस लागतात, आणि हाताने केलेल्या सहा मखरांचे भाग एकमेकांत बसतील याची हमी तेही देत नाहीत. त्यांनी कुडाळच्या एमआयडीसीत सीएनसी राउटर, म्हणजे संगणकातल्या आकृतीबरहुकूम लाकूड कापणारं यंत्र, चालवणाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, कापून देतो, डीएक्सएफ फाईल घेऊन या. म्हणजे संगणकावर मापात काढलेली आकृती.

काका माझ्याकडे आले ते या फाईलसाठी. मी चाकणला बारा वर्षं गाड्यांच्या सुट्या भागांचं डिझाईन केलं आणि मग घरी परत आले, हे वाडीत सगळ्यांना माहीत आहे. मी म्हटलं, दोन संध्याकाळी बसते आणि काढून देते. काकांनी नकार दिला. आदल्या वर्षी एका दरवाजाचं ड्रॉइंग त्यांनी बाहेरून करून घेतलं होतं. गिऱ्हाइकाने तीनदा बदल सांगितले, आणि दर बदलाला ड्रॉइंगवाल्याने वेगळे पैसे लावले. शेवटी दरवाजापेक्षा कागद महाग पडला. म्हणून त्यांना स्वतःला शिकायचं होतं. हे सांगून झाल्यावर लगेच म्हणाले, "पण बाय, ह्या माका जमाचा नाय."

ही दोन्ही वाक्यं त्यांच्या मनात शेवटपर्यंत शेजारी-शेजारी राहिली. त्या अडीच महिन्यांची ही नोंद आहे. वही मी ठेवली होती: एकोणीस संध्याकाळी, प्रत्येकी साधारण दीड तास.

पहिल्या तीन संध्याकाळी वाया गेल्या

लॅपटॉप पुतण्याचा होता, जुना. कॅड म्हणजे संगणकावर मापात आकृती काढणं. त्यासाठी सॉफ्टवेअर फ्रीकॅड घेतलं, कारण ते फुकट आहे आणि त्यात काढलेली आकृती नंतर मापं बदलून बदलता येते. ते 2002 पासून चालू असलं तरी त्याची 1.0 आवृत्ती नोव्हेंबर 2024 मध्ये आली. त्याआधी मी ते नवशिक्याला दिलं नसतं. मधला एक भाग बदलला की पुढचे भाग आपला आधार विसरायचे आणि मॉडेल कोसळायचं. नव्या आवृत्तीत हा त्रास बराच कमी झाला आहे.

मी शिकवलं ते कंपनीत नव्या पोरांना शिकवतात तसं. ही स्क्रीन, ही टूलबार, हे वर्कबेंच, हा माऊस असा फिरवायचा. काका मांगरातल्या बाकावर दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले. मांगर हाच त्यांचा कारखाना. माऊस हातात दिला तर तापलेल्या तव्यासारखा धरायचे. क्लिक करायच्या आधी माझ्याकडे बघायचे. क्लिक झालं की हात उचलून घ्यायचे. मी "घाबरू नका, काही होत नाही" असं किती वेळा म्हटलं ते वहीत नाही, पण प्रत्येक संध्याकाळी दहा वेळा तरी म्हटलं असेन. शिकवणाऱ्याच्या तोंडचं याहून निरुपयोगी वाक्य मला माहीत नाही. ज्याला भीती वाटते त्याला ते खोटं वाटतं, आणि ज्याला वाटत नाही त्याला ते लागत नाही.

तिसऱ्या संध्याकाळी लाईट गेली. लॅपटॉपची बॅटरी मेलेली, स्क्रीन काळी. काकांनी काढलेल्या चार रेषा गेल्या. मला वाटलं, झालं, आता हे उठणार. पण अंधारात ते जे बोलले त्यावरून मला पहिल्यांदा कळलं की आपण कुठल्या भीतीशी बोलत होतो.

म्हणाले, सागवानाची फळी समोर असली की मी तीनदा मापतो. पेन्सिलीने खूण करतो, गुण्या लावून बघतो, परत मापतो. कारण एकदा कापला काय कापला. फळी परत जोडून मिळत नाही. आणि तू सांगतेस, दाब.

त्यांचा हात मशीनला घाबरत नव्हता. चाळीस वर्षांत त्या हाताने जेवढ्या फळ्या वाचवल्या, त्या अशाच थांबून वाचवल्या होत्या. मी त्यांना जे सोडायला सांगत होते ते त्यांच्या धंद्यातलं सगळ्यात महागडं शिक्षण होतं.

बिघडवायचा तास

चौथ्या संध्याकाळी मी एक आयत काढून दिला आणि सांगितलं, आज हा बिघडवायचा. जमेल तेवढा वाकडा करा, रेषा पुसा, काहीही करा. काका संकोचले. पुतण्या पुढे सरसावला, त्याला मागे बसवलं. काकांनी एक कोपरा ओढला. आयत तिरका झाला. एक रेषा पुसली. मग मी कंट्रोल आणि झेड दाबायला लावलं. रेषा परत आली. पुन्हा दाबलं, कोपरा जागेवर.

"तां पुसला होता ना? मगे परत खयसून इला?"

प्रश्न गमतीने विचारलेला नव्हता. पुसलेली गोष्ट कुठे असते, किती वेळ असते, लॅपटॉप बंद केला तर असते का, हे त्यांना खरंच हवं होतं. मी सांगितलं की प्रोग्रॅम मागच्या काही पायऱ्या लक्षात ठेवतो, पण फाईल बंद केली की विसरतो. त्यावर त्यांचा निर्णय असा: मग ह्याच्यावर भरवसा नाही. प्रत्येक महत्त्वाच्या पायरीनंतर ते फाईलची नवी प्रत काढायला लागले. मखर 1, मखर 2, मखर 3. जुनी प्रत पुसायची नाही. मला ते कागदावर छापून ठेवण्याइतकं जुनाट वाटलं आणि मी तसं बोलूनही दाखवलं. आज विचाराल तर त्या सवयीला मी नावं ठेवणार नाही, कारण ज्या दिवसापासून प्रती निघायला लागल्या त्या दिवसापासून क्लिक करताना माझ्याकडे बघणं थांबलं. फळी जपून ठेवलेली असली की कापायला हात धजतो.

डुगडुग

स्केच काढण्यातला गाभा मापात कमी आणि अटींत जास्त आहे. ही रेषा आडवी. ही त्या रेषेला समांतर. हे दोन कोपरे एकाच उंचीवर. अशा अटी लावत गेलं की आकृतीला हलायला जागा उरत नाही. फ्रीकॅड बाजूला सांगत राहतं की अजून किती तऱ्हांनी ती हलू शकते, आणि हलणं पूर्ण थांबलं की रेषा हिरव्या होतात. ही कल्पना नवी नाही. आयव्हन सदरलंड यांनी 1963 मध्ये एमआयटीत 'स्केचपॅड' केलं, तेव्हाच पडद्यावर प्रकाशलेखणीने ढोबळ रेघ मारायची आणि मशीनला अट सांगायची, मग मशीन ती रेघ सरळ करायचं. साठ वर्षांनंतरही नवशिका इथेच अडखळतो, कारण त्याला वाटतं की चित्र बरोबर दिसतंय म्हणजे बरोबर आहे.

काकांना हे समजवायला मला काही करावं लागलं नाही. आयताचं टूल वापरून आयत काढला, स्क्रीनवर "4" दिसत होतं. मी म्हटलं, बोटाने ओढून बघा. आयत सरकला, मोठा झाला, लहान झाला. काका म्हणाले, "डुगडुगता." लांबी घातली, तीन. रुंदी घातली, दोन. एक कोपरा मूळबिंदूला चिकटवला तेव्हा उरलेली दोन्ही गेली आणि आयत हिरवा झाला. त्यानंतर आमच्या बोलण्यात तो आकडा 'डुगडुग' झाला. "अजून पाच डुगडुगी आसत" म्हणजे पाच अटी राहिल्या. पाटाचा एक पाय आखूड असला तर सुतार पाट उचलून चौथ्या पायाखाली बघतो, तसं ते डुगडुग उरली की रेषा ओढून कुठली हलते ते बघायचे. पुतण्या आयटीआयचा, हात झरझर चालायचे, अर्ध्या वेळात दुप्पट आकृत्या काढायचा. त्याच्या एकाही आकृतीची डुगडुग शून्य नसायची. हे पुढे भोवलं.

आठवा भाग

मधे तीन संध्याकाळी एका भलत्याच गोष्टीत गेल्या. काका इंच आणि सुतात मोजतात. इंचाचा आठवा भाग म्हणजे सूत. कुसवाची, म्हणजे खाचेत बसणाऱ्या फळीच्या जिभेची, रुंदी अडीच इंच, म्हणजे वीस सूत. स्क्रीनवर ते 63.5 मिलिमीटर दिसायचं आणि काकांचा चेहरा पडायचा. मी युनिट इंचात बदलून दिलं, तर पाच सूत 0.625 झालं. ते आणखी वाईट. टेपवर 0.625 कुठे असतं? टेपवर पाचवी रेघ असते.

शेवटी फ्रीकॅडच्या स्प्रेडशीटमध्ये एका रकान्याला 'सूत' असं नाव दिलं आणि त्यात 3.175 मिमी भरलं. मापाच्या खोक्यात बरोबरचं चिन्ह टाकून वीस गुणिले सूत लिहायचं. गणित मशीन करतं. हा उपाय मला पहिल्याच दिवशी सुचायला हवा होता. कंपनीत बारा वर्षं मिलिमीटर सोडून काही बघितलं नाही की असं होतं. मुख्य म्हणजे यातून काकांना एक गोष्ट आपोआप कळली: खोक्यात आकडा लिहिण्याऐवजी नाव लिहिता येतं.

त्या नावांनीच पुढचं सगळं प्रकरण तारलं, आणि एका ठिकाणी नाव न लिहिल्यानेच बिघडलं.

अठराची गोष्ट

प्लाय 18 मिमीचा मागवला होता. आठ बाय चार फुटांचा ताव. काकांनी व्हर्नियर, म्हणजे जाडी बारकाईने मोजायचं साधन, लावला: 17.4. प्लायच्या नावातली जाडी आणि हातातली जाडी यांत असा फरक पडतो, हे सुतारांना पाठ असतं. हाताने काम करताना ते फळी खाचेवर ठेवून पेन्सिल फिरवतात आणि प्रश्न तिथेच मिटतो. कॅडमध्ये खाच फळीच्या आधी जन्माला येते.

मी स्प्रेडशीटमध्ये दुसरा रकाना केला, 'जाडी', आणि सगळ्या खाचांना ते नाव द्यायला सांगितलं. मग ढील किती ठेवायची हा वाद. काकू पडवीत शिवणाच्या मशीनवर बसल्या होत्या. त्या तिथूनच म्हणाल्या, माया किती सोडलात? कपडा बेतताना शिवणीत जास्तीचं ठेवतात ती माया. काकांनी हरकत घेतली. माया म्हणजे जास्तीचं ठेवणं, हवं तर पुढे कामाला येतं. खाचेत ठेवतो ती नुसती पोकळी, तिचा पुढे काही उपयोग नाही. बरोबरच होतं त्यांचं. पण रकान्याचं नाव 'माया' पडलं ते पडलंच.

मी 0.3 मिमी सुचवलं. काका गप्प बसले आणि दुसऱ्या दिवशी प्लायचा एक तुकडा रंगवून घेऊन आले. एक हात प्रायमर, दोन हात रंग, दोन्ही बाजूंनी. व्हर्नियर लावला: 17.7. रंगालाही जाडी असते, आणि मखर रंगवल्याशिवाय जात नाही. हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं, कारण माझ्या कामात रंग दुसऱ्या खात्याकडे असायचा. खाचेच्या आत रंग लावायचा नाही असं ठरलं. तिसरा रकाना: 'रंग', 0.3.

आता बेरीज करा. जाडी 17.4, रंग 0.3, माया 0.3. खाच बरोबर 18.0.

काका किती तरी वेळ हसत होते. "मगे आदी काय चुकला होता?" आधीही 18 च होतं की. मी समजावलं की आधीचं 18 दुकानदाराने सांगितलेलं होतं आणि आताचं आपण मोजलेलं आहे. ते हो म्हणाले, पण मला वाटतं, त्या वेळी त्यांना ते पटलं नसावं. मलाही तो फरक तेव्हा शब्दांपुरताच वाटला होता.

महिरप

पुढची महिरप मात्र मापांनी सुटणारी नव्हती. काका तिचा बाक काढतात तो बांबूची पातळ कांब तीन-चार खिळ्यांना टेकवून. कांब जशी वाकेल तशी पेन्सिल फिरवायची. कॅडमध्ये या रेषेला स्प्लाईन म्हणतात, आणि हा शब्द आला आहे तो अशाच पट्टीवरून. जहाजं बांधणारे लाकडाची लवचीक पट्टी वजनांनी जागच्या जागी धरून जहाजाच्या अंगाचा बाक आखत, तिचं नाव स्प्लाईन. 1960 च्या दशकात रेनॉ कंपनीत पिएर बेझिए यांनी मोटारीच्या पत्र्याचे बाक गणितात बसवले, त्याच घराण्यातली ही रेषा. हे मी मोठ्या उत्साहाने सांगितलं. काका 'असेल' म्हणाले.

कांबेने आखलेल्या महिरपीवर दर दोन इंचांना माप घेतलं आणि ते बिंदू स्क्रीनवर टाकून त्यांतून स्प्लाईन काढली. मला छान वाटली. काकांनी लॅपटॉप उचलला, डोळ्यांसमोर आडवा धरला, एक डोळा मिटला आणि फळीची धार बघतात तसे स्क्रीनच्या पातळीतून त्या रेषेच्या लांबीने बघितलं. डाव्या खांद्याजवळ बोट ठेवलं. इथे फुगलंय. मला काही दिसेना. फ्रीकॅडमध्ये बाकाची तीव्रता रेषेवर कंगव्याच्या दातांसारखी उभी करून दाखवायची सोय आहे. ती चालू केली. जिथे काकांचं बोट होतं तिथे दात एकदम लांब झाले होते. माझं एक माप अर्धा सूत चुकलं होतं.

आडव्या कोनातून बघितलं की लांबी दबते आणि बाक वाढून दिसतो, म्हणून हे जमतं. कारण समजलं तरी माझ्या डोळ्याला अजून जमत नाही. आणि खरं सांगायचं तर बिंदू कमी घ्यायला हवे होते. दर दोन इंचांना खिळा मारला तर कांबसुद्धा लाटा खाते. चौदा बिंदूंचे पाच केले, महिरप सुधारली.

कुडाळ

जुलैच्या मध्यावर एका मखराची चाचणी कापायला गेलो. राउटरवाल्याने फाईल उघडली आणि म्हणाला, केवढं मोठं मखर आहे हे? बैठकीची रुंदी छत्तीस इंच, आमच्या फाईलमध्ये 914.4 मिलिमीटर. त्याच्या प्रोग्रॅमने ते 914.4 इंच धरले. म्हणजे 25.4 पट. काकांनी मनातल्या मनात हिशेब केला, शहात्तर फूट. "ह्यात लालबागचो राजा पण आरामात बसतलो." डीएक्सएफ हा प्रकार 1982 मध्ये ऑटोकॅडबरोबर आला. त्या फाईलमध्ये आकडे असतात, पण ते कशाचे हे प्रत्येक प्रोग्रॅम नीट लिहितो किंवा वाचतो असं नाही. फाईल देताना एक माहीत असलेलं माप तोंडी सांगायचं आणि समोरच्याच्या स्क्रीनवर मोजून घ्यायचं, हा साधा उपाय. तो मला माहीत होता. मी केला नव्हता.

आणखी एक निघालं. दोन ठिकाणी रेषेवर रेषा होती, पुतण्याने कॉपी करताना राहिलेली. डोळ्यांना एकच दिसते, पण यंत्राने तिथे दोनदा पातं फिरवलं असतं. तीही राउटरवाल्यानेच पकडली. माणूस चांगला होता.

कापून झालं. घरी आणलं, कुसू खाचेत घातलं. जाईना.

माप बरोबर होतं. कोपरे बरोबर नव्हते. राउटरचं पातं गोल फिरतं. पातं 6 मिमीचं, म्हणजे आतल्या प्रत्येक कोपऱ्यात 3 मिमी त्रिज्येची गोलाई राहते. स्क्रीनवर खाच काटकोनात होती, लाकडात नव्हती. हे मला दिसलं नाही ते माझं आयुष्य पत्र्यात गेल्यामुळे असेल. काकांना का दिसलं नाही, हे मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, पटाशीने काढलेला कोपरा चौकोनीच येतो, दुसरा कसा येईल? स्क्रीनवर त्यांना आपली पटाशीच दिसत होती.

त्यांनी पटाशी घेतली आणि सगळे कोपरे चौकोनी केले. बैठकीत सहा खाचा, छतात सहा, प्रत्येकीला चार कोपरे, अठ्ठेचाळीस. एक आख्खी सकाळ गेली. काकूंनी गुणाकार करून सांगितला: सहा मखरांचे दोनशे अठ्ठ्याऐंशी.

यावरचा नेहमीचा उपाय म्हणजे कोपऱ्यात पात्यापेक्षा किंचित मोठं गोल बीळ काढायचं, म्हणजे कुसवाच्या कोपऱ्याला आत शिरायला जागा मिळते. सहसा ते कोनाच्या तिरक्या रेषेवर काढतात. मी तसं काढून दाखवलं. काकांनी नाक मुरडलं. फळी उभी केल्यावर तिच्या दोन्ही अंगांना ती बिळं बैठकीवर दिसली असती. देवासमोर उंदराची बिळं? म्हणजे उंदीर असतोच तिथे, पण बिळं नकोत.

मग त्यांनी कागद घेतला. फळी कुसवापेक्षा रुंद असते, खाचेवर ती दोन्ही टोकांना पुढे येऊन टेकते. "बीळ लांबीच्या अंगाक काढ. वर फळी बसतली." खाचेच्या टोकांना, लांबीच्या दिशेने बीळ काढलं तर ते फळीच्या जाडीच्या आतच राहतं आणि वरून दिसतच नाही. दिसलंच तर बैठकीच्या खालून दिसेल. तिथे कोण बघतो? हे त्यांनी स्वतः काढलं, स्वतः अटी लावल्या, डुगडुग शून्य केली. मी लॅपटॉपला हात लावला नाही. माझ्या मते एकोणीस संध्याकाळींतली ही एकच संध्याकाळ धरली तरी चाललं असतं.

दुसरा ताव

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात बाकीचे ताव आले. काकांनी व्हर्नियर लावला: 17.8. दुकान तेच, नाव तेच, लॉट वेगळा.

जाडीच्या रकान्यात 17.4 पुसून 17.8 लिहिलं. क्षणभर थांबलं आणि सगळ्या खाचा 18.4 झाल्या. काकांनी व्हर्नियर खाली ठेवला. आधीचं 18 आणि आताचं 18 यांत काय फरक होता ते बहुधा या वेळी दिसलं. मला तरी दिसलं.

सगळ्या खाचा नव्हे. छताच्या एका बाजूच्या दोन खाचा पुतण्याने काढल्या होत्या आणि त्याने नाव न लिहिता सरळ 18 टाकलं होतं. जुलैत ते कुणाच्या लक्षात येणं शक्य नव्हतं, कारण तेव्हा बेरीज 18 च येत होती. चूक बरोबर उत्तराच्या मागे लपून बसली. पाच छतं कापून आल्यावर रंगवलेल्या कडा त्या दोन खाचांत शिरेनात. अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी फरक, पण शिरेनात. काकांनी कानस घेतली आणि दहा खाचा घासल्या. पुतण्याला काही बोलले नाहीत. फक्त त्या दिवसापासून त्याने काढलेल्या प्रत्येक आकृतीत मापाच्या खोक्यावर माऊस नेऊन आत आकडा आहे की नाव, हे बघायला लागले. आकडा दिसला की म्हणायचे, "ह्या कोणी सांगितला?"

22 ऑगस्टला सहा मखरं टेम्पोत चढली. एका घरचं छत दुसऱ्या घरच्या बाजूंवर बसवून बघितलं होतं. मुद्दाम, गिऱ्हाईकासमोर.

आत्ताची स्थिती

बैठक आणि छत काकांनी पूर्ण स्वतः काढली. बाजू आणि पाठ त्यांनी काढल्या, पुतण्याने कॉपी केल्या. महिरपीत अर्धं काम माझं आहे. डीएक्सएफ अजून मीच काढते, आणि ते त्यांना शिकवायचं राहिलंय असं नाही. त्यांना ते नको आहे. कापायला देण्याआधी दुसऱ्या कुणाची तरी नजर फिरावी असं ते म्हणतात, आणि 914 इंचांच्या मखरानंतर मी वाद घालत नाही. कंट्रोल-झेड ते वापरत नाहीत. लॅपटॉपवर मखराच्या एकेचाळीस प्रती आहेत. कुठल्या प्रतीत काय बदललं हे त्यांना तोंडपाठ आहे, मला नाही. माऊसच्या चाकाने चित्र मोठं-लहान करायला लागले की अजून चित्र कुठे तरी हरवतं आणि हाक येते.

वेळेचा हिशेब लावला तर पहिल्या कामात हे परवडलेलं नाही.  हे मी त्यांच्यापासून लपवलं नाही, त्यांनीच आधी सांगितलं.

दिवाळीनंतर तारकर्लीच्या एका निवासवाल्याने आठ खोल्यांसाठी कपाटं सांगितली. मी संध्याकाळी गेले तर काका लॅपटॉप उघडून बसले होते. नवी फाईल, स्केच एकही नाही, नुसती स्प्रेडशीट. सूत 3.175. रंग 0.3. माया 0.3. जाडीचा रकाना रिकामा. प्लाय अजून दुकानातून यायचा होता.